स्टिअरिंगला घरच्या घरी लेदर चढवायचं तर

मराठवाड्यात पाच-सात उन्हाळे काढलेल्या गाडीचं स्टिअरिंग बघताक्षणी ओळखू येतं. आधी ते हाताला चिकटायला लागतं, मग अंगठा टेकतो तिथं चकाकतं आणि शेवटी साल निघते. बहुतेक गाड्यांत धातूच्या सांगाड्यावर पॉलियुरेथेन फोमचा थर ओतलेला असतो. बंद गाडीतली उष्णता, पावसाळ्यातली दमट हवा, तळहाताचा घाम आणि तेल यांनी त्या थराचा वरचा पापुद्रा मऊ पडत जातो. त्यावर पॉलिश मारून उपयोग नाही, चार दिवसांत चिकटपणा परत येतो.

ताणून बसवायचं तयार कव्हर हा पाच मिनिटांचा उपाय. पण पाच मिनिटांत चढणारं कव्हर हातासरशी फिरतंही. कन्नडच्या औट्रम घाटात वळणावर हात फिरला आणि स्टिअरिंग मागे राहिलं, तर काय होईल ते सांगायला नको. मापाने कापून, दोन्ही काठ एकमेकांशी आवळून शिवलेलं लेदर जागचं हलत नाही. काम पूर्ण एका दिवसाचं आहे. नवख्यांना धास्ती टाक्यांची असते. टाके कंटाळवाणे आहेत इतकंच, अवघड नाहीत. हे काम जमतं किंवा फसतं ते मापात.

एक सोय म्हणून पुढे स्टिअरिंगला ‘चाक’, त्याच्या गोल भागाला ‘कडं’ आणि मधून कड्याकडे जाणाऱ्या दांड्यांना ‘आरे’ म्हटलं आहे.

आधी एअरबॅग

१ जुलै २०१९ पासून नव्या कारमध्ये चालकाची एअरबॅग सक्तीची आहे, आणि त्याआधीच्याही कितीतरी गाड्यांत ती असते. ती मधल्या गादीखाली असते. त्या गादीवर लेदर, रेक्झिन, स्टिकर काहीही चढवायचं नाही. गादी उघडायचीही नाही.

चाक काढून टेबलावर घेतलं तर काम सोपं होतं, पण नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. गादीमागे स्पायरल केबल असते. एअरबॅग, हॉर्न आणि स्टिअरिंगवरची बटणं यांच्या तारा तिच्यातून जातात. चाक निघाल्यावर ती मोकळी फिरली आणि तशीच परत बसली, तर पुढे एका बाजूच्या पूर्ण वळणात तुटते. हॉर्न बंद पडतो, एअरबॅगचा दिवा लागतो आणि खर्च लेदरच्या कितीतरी पट होतो. खाली सांगितलेली सगळी कामं चाक गाडीवर असतानाच होतात.

तरीही बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडा. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. मग १५ मिनिटं थांबा, कारण एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये बॅटरी तुटल्यानंतरही काही वेळ वीज साठून राहते. काम करताना पिवळी वायर किंवा पिवळा कनेक्टर दिसला तर तिथून हात मागे. हीट गन या कामात आणूच नका, केस वाळवायचा ड्रायर पुरतो, आणि तोही गादीकडे रोखायचा नाही. हात चाकावर आहे की नाही हे कड्यातल्या स्पर्शाच्या सेन्सरवरून ओळखणारी किंवा कडं आतून तापवणारी गाडी असेल, तर हे काम घरी करू नका.

काय काय लागतं

लेदर १ ते १.२ मिमी जाडीचं, क्रोमने कमावलेलं आणि वरून रंगाचा थर दिलेलं हवं. दुकानात ‘अपहोल्स्ट्री’ किंवा ‘ऑटो’ लेदर म्हणून मागा. ते चौरस फुटावर विकतात. देशात लेदर कमावण्याचे मोठे कारखाने कानपूर, कोलकाता आणि तमिळनाडूत आहेत. आपल्याकडे माल बहुधा मुंबईच्या धारावीतून किंवा ऑनलाइन येतो. ३८ सेंमी व्यासाच्या चाकाला, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांना, नुसत्या कड्यासाठी सव्वा चौरस फूटही लागत नाही. पण कान (आऱ्यांपाशी आत दडवायचे तुकडे), शिलाईचा वाव, वाया जाणारं आणि सरावाचं धरून ३ चौरस फूट घ्या.

जाडीत तडजोड करू नका. १.२ मिमीचं लेदर चढलं की पकडीचा घेर साधारण साडेसात मिमीने वाढतो. ९.४ सेंमीची पकड १०.१ होते आणि हाताला भरीव लागते. खाली २ मिमी फोम घालायचा मोह झाला तर तीच पकड ११.४ वर जाते, मग लहान हाताची बोटं पुरत नाहीत. शिवाय उन्हाळ्यात फोम दबून लेदर सैल पडतं.

कोल्हापुरी चपलेचं कातडं घट्ट आणि टिकाऊ असतं, म्हणून ते वापरावं असं बऱ्याच जणांच्या मनात येतं. नका वापरू. ते हिरड्याच्या फळांत आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं असतं, ताणलं जात नाही, आणि उघड्या पृष्ठभागावर घाम पिऊन हात लागतो तिथं काळं पडतं. मेंढीचं कातडं उलट टोकाचं. मऊ असतं, पण टाका ओढला की काठ फाटतो. शेळीचं १ मिमीचं मिळालं तर चांगलं.

दोरा पॉलिएस्टरचा, मेण लावलेला, ०.८ मिमी, १० मीटर. प्रत्यक्षात सहा-एक मीटर जातो. नायलॉनचा दोरा आवळायला गोड, पण उन्हाने लवकर कमजोर होतो, आणि काचेतून येणारं ऊन पडतं ते नेमकं याच टाक्यांवर. रंगाचं म्हणाल तर काळ्या लेदरवर पांढरे किंवा लाल टाके फोटोत देखणे दिसतात. काळ्या रानात जा-ये असेल तर महिन्याभरात पांढरा दोरा मातकट होतो. गडद राखाडी घ्या.

बाकी सामान असं:

- बोथट टोकाच्या दोन वाकड्या सुया, दोन सरळ सुया
- फेविकॉल एसआर ९९८ किंवा तसाच रबरी सोल्यूशनचा लहान डबा, जुना टूथब्रश
- चांभारकामातली आरी (भोकं पाडायची) आणि रापी (कातडं तासायची). रापी नसेल तर नवं ब्लेड असलेला कटर
- २४ मिमी मास्किंग टेप एक रीळ, स्वयंपाकघरातली पारदर्शक गुंडाळपट्टी
- आयसोप्रोपाइल अल्कोहोल, १८० आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर
- पसरट, बोथट प्लॅस्टिकची पट्टी, कान आत ढकलायला
- कपड्यांचे किंवा कागदाचे १०-१२ चिमटे

शिलाई मशीन घरात नसलं तरी अडत नाही. घरगुती मशीनवर लेदर ओढलं जात नाहीच. लातूर, जालना, नांदेडच काय, तालुक्याच्या गावातही सीट कव्हर शिवणारे असतात. त्यांच्या जाड मशीनवर सरळ शिलाईचं काम करून घ्या. कापून, खुणा करून नेलंत तर त्यांचा अर्धा तास जातो.

कडं साफ करणं

बटणं, गादीची कड आणि डॅशबोर्डचा जवळचा भाग मास्किंग टेपने झाका. चिकट झालेला थर अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पुसा. फडकं ओलं हवं, टपकणारं नको, नाहीतर बटणांच्या फटीत जाईल. फडक्यावर काळं येणं थांबेपर्यंत पुसत राहा. मग १८० च्या पेपरने सुटलेले पापुद्रे घासून काढा आणि ३२० ने सपाट करा.

नखाने उकरलेले खड्डे असतील तर बॉडीवर मारायची पुट्टी भरू नका. ती कडक असते, कडं दाबलं की तडकते आणि लेदरखाली खडे हाताला लागतात. लेदरचाच तुकडा कडेने तासून, खड्ड्यात चिकटवून, वरून घासून घ्या. मूळ चाकालाच लेदर असेल तर आधी ते उसवून काढा. जुन्यावर नवं चढवलं तर पकड जाड होते आणि जुन्याच्या जोडांचे उंचवटे वर उमटतात. एक गोष्ट मात्र जपा: जुनं लेदर फाडून न काढता टाके कापून अख्खं काढलं, तर तेच तुमचं तयार माप असतं. फक्त ते वर्षांनुवर्षं ताणलेलं आहे हे लक्षात ठेवून कापा.

माप: इथं घाई नको

कड्याभोवती गुंडाळपट्टीचे दोन वेढे द्या, त्यावर मास्किंग टेपचे दोन थर. टेप आडवा, म्हणजे पकडीभोवती गुंडाळा, सुरकुती पडू देऊ नका. आता पेनाने पुढच्या रेषा काढा.

पहिली रेष शिवणीची. ती कड्याच्या आतल्या अंगाला, बरोबर मधल्या गादीकडे तोंड करून गेली पाहिजे. पुढे सरकली तर टाके बसल्याजागी दिसतात, मागे सरकली तर बोटांच्या पेरांना घासतात. दुसरी खूण वरच्या मधोमध, म्हणजे घड्याळातल्या १२ वर. त्या वेळी गाडीची पुढची चाकं सरळ असली पाहिजेत. तिसऱ्या खुणा सर्वांत महत्त्वाच्या: शिवणीच्या रेषेला आडव्या छेदणाऱ्या छोट्या रेघा, दर ५ सेंमीवर, आणि प्रत्येकीला क्रमांक. शिवणीच्या रेषेवर कापलं की प्रत्येक रेघ दुभंगते, अर्धी एका काठावर, अर्धी दुसऱ्या. चढवताना हीच जोडी समोरासमोर आणायची असते. या रेघा नसतील तर लेदर पीळ घेतं, आणि ते दिसतं शेवटच्या वीतभर शिलाईत, तेव्हा सगळं उसवण्यावाचून गत्यंतर नसतं.

जोड कुठं घ्यायचे? १०, २, ४ आणि ८ वाजताच्या जागी. चार तुकडे होतात. तीन आऱ्यांच्या चाकात आरे ३, ६ आणि ९ वर येतात, म्हणजे प्रत्येक आरा एकेका तुकड्याच्या मधोमध पडतो आणि जोड त्याच्या जवळ येत नाही. आऱ्यापाशी शिवणीची रेष फुटते: एक फाटा आऱ्याच्या पुढून, एक मागून. तिथं आऱ्यावरच्या प्लॅस्टिकच्या पट्टीपर्यंतचा आकार उतरवा आणि त्यापुढे १२ ते १५ मिमी वाव सोडा. हा झाला कान, जो पट्टीखाली दडवायचा असतो.

टेपचा साचा ब्लेडने रेषांवर कापून काढा. ब्लेड हलकं चालवा, खाली फोम आहे. काढलेला तुकडा टेबलावर सपाट बसत नाही, होडीसारखा वळतो. हे बरोबरच आहे. ३८ सेंमी चाकाचा बाहेरचा परीघ ११९ सेंमी असतो, पण ३ सेंमी जाड कड्याचा आतला परीघ साधारण १०० सेंमीच भरतो. म्हणजे पट्टीचा मध्य लांब, काठ आखूड. काठांवर दर दोन-तीन सेंमीला चिरा द्या, त्या उघडतील आणि तुकडा सपाट होईल. त्या उघडलेल्या फटी भरून धरून जाड कागदावर आकार काढा. हा जादा काठ पुढे टाक्यांच्या आवळण्यात चुण्या होऊन जिरतो.

आता कागदी आकार लहान करायचा. लांब काठ दोन्हीकडून २ ते २.५ मिमी कमी करा, म्हणजे लेदर कड्यावर नुसतं ठेवलं तर काठांत ४-५ मिमी फट राहिली पाहिजे. लांबीत प्रत्येक तुकडा दोन्ही टोकांतून अर्धा-अर्धा सेंमी कमी करा, आऱ्याची खूण न हलवता. चार तुकडे मिळून ११९ चे ११५ झाले. मापाबरहुकूम कापलेलं लेदर चढवताना छान बसतं आणि पहिल्या उन्हाळ्यात सैल पडतं. ते ताणूनच बसलं पाहिजे.

यानंतर प्रत्येक टोकाला शिलाईसाठी ६ मिमी वाव जोडा. आठ टोकं, मिळून ४.८ सेंमी. हा वाव विसरला तर कव्हर चढतच नाही. आणि सीट कव्हरवाल्याने ६ ऐवजी ४ मिमीवर शिवलं तर चार जोडांत मिळून १६ मिमी लांबी वाढते, म्हणजे आपण ठेवलेल्या ४ सेंमी ताणातला दीड सेंमीहून जास्त गेला. शिलाईची रेष लेदरच्या मागे पेनाने आखून द्या, तोंडी सांगू नका.

पहिल्यांदा करणाऱ्याने याच साच्यावर साध्या रेक्झिनचं एक कव्हर कापून चिमट्यांनी लावून पाहावं. रेक्झिन लेदरसारखं ताणलं जात नाही, त्यामुळे ताणाचा अंदाज येत नाही. पण आरे, कान आणि १२ ची खूण जागेवर आहेत की नाही ते कळतं. लेदरचा एक तुकडा वाया जाण्यापेक्षा रेक्झिनचा गेलेला बरा.

कापणं आणि जोडणं

लेदर उलटं पसरा. पोटाकडचा भाग सैल आणि जास्त ताणणारा असतो, पाठीकडचा घट्ट. चारही तुकडे एकाच भागातून आणि एकाच दिशेने कापा, नाहीतर एक तुकडा जास्त ताणला जाऊन त्याचा जोड सरकतो. भोकांचं लेदर आवडत असेल तर ते फक्त डाव्या-उजव्या तुकड्यांना वापरा आणि काठापासून दीड सेंमीत भोकं येऊ देऊ नका.

जोडाचा ६ मिमी भाग रापीने निम्म्या जाडीचा तासा. इथं हात बसायला वेळ लागतो, म्हणून टाकाऊ तुकड्यावर आधी करा. रापीची धार बोथट असेल तर ती लेदर तासण्याऐवजी ओढते. तासल्यावर तुकडे चांगली बाजू आत करून शिवा, वाव दोन्हीकडे उघडा, सोल्यूशनने चिकटवा आणि लाकडी हातोडीने ठोका. वावाची टोकं काठापासून १० मिमीवर तिरपी कापून टाका. हे राहिलं की जोडाच्या जागी टाक्यांखाली गाठ येते.

मग काठांवर मशीनची एक शिलाई: काठापासून ३ मिमी आत, टाका ६ मिमी लांब, काठभर. आपण हाताचा दोरा लेदर भोसकून न नेता या शिलाईच्या टाक्यांतून नेणार आहोत. ओढ त्या शिलाईवर येते आणि काठ फाटत नाही. ६ मिमीचे टाके चुण्या पडून चाकावर ५ मिमीच्या आसपास येतात, आणि ५ मिमी दिसायला योग्य. आधीच ५ चे घेतले तर बसल्यावर फार दाटी होते.

शिलाई झाल्यावर मोजणी. दोन क्रमांकांच्या खुणांमध्ये एका काठावर १० टाके असतील तर समोरच्या काठावरही १० हवेत. एखाद्या ठिकाणी एकाचा फरक आला तर चालतं, तो एक टाका शिवताना आऱ्याच्या मागे सोडून देता येतो. दोन-तीनचा फरक असेल तर ती बाजू उसवून परत शिवून घ्या. मशीन मिळतच नसेल तर आरीने १ मिमीची भोकं पाडा, काठापासून ४ मिमीवर. भोक मोठं नको.

चढवणं

वेळ सकाळची, जागा सावलीची, गाडीचे दोन्ही दरवाजे उघडे. सोल्यूशनची वाफ पेट घेते आणि डोकंही धरते, त्यामुळे जवळ बिडी-काडी, उदबत्ती काही नको. डिसेंबरच्या सकाळी लेदर ताठ असेल तर ड्रायरने कोमट करून घ्या.

सोल्यूशन सगळीकडे फासायचं नाही. कड्याच्या बाहेरच्या परिघावर २ सेंमी रुंद पट्टा आणि आऱ्यांजवळचा भाग, एवढंच. लेदरच्या आतल्या बाजूला तसंच. काठापासून १० ते १२ मिमी पूर्ण कोरडं ठेवा, नाहीतर सुई आत शिरणार नाही. आधी सोल्यूशनशिवाय एकदा चढवून खुणा जुळतात का ते बघा, उतरवा, मग लावा. दोन्हीकडे लावल्यावर बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं: एरवी १० ते १५ मिनिटं, एप्रिल-मेमध्ये पाच-सातच, श्रावणात वीसही लागतात. ओलं असतानाच लावलं तर लेदर सरकत राहतं. फार वाळलं तर पकडत नाही.

तयार वेढा सायकलच्या रिमवर टायर चढवतात तसा चढवा. १२ ची खूण आधी टेकवा, मग दोन्ही हातांनी सारखा ताण देत ३ आणि ९ वर, शेवटी ६ वर. प्रत्येक आऱ्याची खूण त्या-त्या आऱ्यावर बसली की मगच दाबा. एकदा दोन्ही थर घट्ट चिकटले की सरकवायला वाव उरत नाही. चुकलं असेल तर ड्रायरने गरम करून हळूच सोडवा.

मग दर दुसऱ्या खुणेवर सुटा दोरा घालून दोन्ही काठ तात्पुरते बांधा. हे बंद पीळ येऊ देत नाहीत. शिवत पुढे जाल तसे कापत जा.

टाके

एका वेळी एका आऱ्यापासून दुसऱ्या आऱ्यापर्यंतचा भाग घ्या. दोरा त्या भागाच्या लांबीच्या पाचपट अधिक दोन्ही टोकांना वीतभर. ३५ सेंमी भागाला साधारण सव्वादोन मीटर. दोन्ही टोकांना सुया ओवा. क्रॉस टाका सगळ्यांत सोपा आणि दोन्ही काठांना सारखा ओढणारा, म्हणून सुरुवात त्यानेच:

१. आऱ्यालगतच्या पहिल्या जोडीतून दोरा आरपार घ्या, दोन्ही बाजूंना सारखी लांबी ठेवा.

२. डावी सुई फट ओलांडून उजव्या काठाखाली घाला आणि पुढच्या टाक्यातून वर काढा.

३. उजवी सुई तशीच डाव्या काठाखालून, त्याच ओळीच्या टाक्यातून वर.

४. दर वेळी आधी डावी, मग उजवी. हा क्रम एकदा जरी उलटला तर तिथं फुलीचा वरचा धागा बदलतो आणि ती फुली लांबूनही वेगळी दिसते.

प्रत्येक टाका बेताचा ओढा आणि दर चार टाक्यांनंतर मागे जाऊन सुईच्या टोकाने एकेक धागा उचलत आवळत या. एकदम जोरात ओढलं तर एका जागी काठ एकावर एक चढतात आणि शेजारी फट राहते. काठ एकमेकांना टेकले की थांबायचं. बोटांना आधीच चिकटपट्टी गुंडाळा. मेणाचा दोरा करकोचे पाडतो.

भाग संपला की दोन्ही टोकांची गाठ मारा, शेपूट दोन सेंमी ठेवून लेदरखाली ढकला आणि थेंबभर सोल्यूशन लावा. पॉलिएस्टरचं टोक काडीने वितळवायची सवय असते, ती इथं आवरा. वाफ अजून गाडीत आहे.

कान शेवटी. आऱ्यावरच्या प्लॅस्टिकच्या पट्टीखाली जेवढी फट आहे तेवढ्यातच कान जाणार, म्हणून कानाची कड कागदासारखी होईपर्यंत तासा. सोल्यूशन लावून, वाळू देऊन, सामानातल्या बोथट पट्टीने आत दाबा. स्क्रू ड्रायव्हर वापरला तर आऱ्याच्या प्लॅस्टिकवर कायमचा ओरखडा उठतो. काही गाड्यांत ही फट नसतेच. तिथं कान आऱ्याच्या मागे वळवा आणि पुढची कड प्लॅस्टिकला बरोबर भिडेल अशी सरळ कापा. बघणाऱ्याची नजर आधी तिथंच जाते, तेव्हा ब्लेड नवं घ्या.

बिघडतं ते कुठं

पुढच्या बाजूने सुरकुत्या दिसत असतील तर बहुतेक वेळा लेदर लांबीत जास्त झालेलं असतं. बारीक सुरकुत्या ड्रायरने एक-दोन मिनिटं गरम करून अंगठ्याने शिवणीकडे चोळल्या की जातात. बोटाच्या चिमटीत धरता येते ती सुरकुती जात नाही. तो तुकडा उसवून जोडात आत घ्यावा लागतो.

शिवण एका जागी पुढे आणि एका जागी मागे गेली असेल तर खुणा एका घराने सरकल्या आहेत. जिथून सरकल्या तिथपर्यंत उसवा, पुढे रेटू नका. फट मिटतच नसेल तर लेदरची पट्टी अरुंद झाली. लेदर कोमट करून १-२ मिमी मिळतात, त्यापेक्षा जास्त नाही. काठ एकावर एक चढत असतील तर पट्टी रुंद आहे. अशा वेळी काठ कापायचा मोह होतो, पण मशीनची शिलाई काठापासून ३ मिमीवरच आहे. तेव्हा उसवून, कापून, शिलाई नव्याने.

चाक फिरवताना कुरकुर ऐकू येते ती कानाची असते. कान प्लॅस्टिकला नुसता घासत असतो, चिकटलेला नसतो.

गाडी काढण्याआधी

सोल्यूशनला २४ तास द्या. बॅटरी जोडा, चावी फिरवा: एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. हॉर्न, दिव्याचा आणि वायपरचा दांडा, बटणं बघा. चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. मग दोन्ही हातांनी कडं घट्ट धरून लेदर पिळून बघा. ते मिमीभरही सरकलं तर गाडी बाहेर काढायची नाही, आवळणं अपुरं आहे.

पुढची काळजी थोडीच. ओलसर फडक्याला बाळाचा साबण लावून पुसायचं, आठवड्यातून एकदा. खोबरेल किंवा डॅशबोर्डचं सिलिकॉन पॉलिश लावलं तर चाक हातातून सटकतं. तंबाखू मळणाऱ्यांनी हात धुऊनच चाक धरावं, कारण चुना लेदरवरच्या रंगाचा थर खातो. उन्हात गाडी लावताना समोरच्या काचेला पडदा लावा, नसेल तर चाकावर सुती पंचा टाका. उघड्या ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगला मात्र हे सगळं करत बसू नका. ऊन-पाऊस दोन्ही अंगावर घेणाऱ्या चाकाला रेक्झिनच बरं.

झिजतो आधी दोरा, लेदर नंतर, आणि तोही बहुधा १० ते २ च्या दरम्यान. तेवढ्या भागाचे टाके कापून, लेदर न हलवता, त्याच मशीनच्या शिलाईतून नवा दोरा ओवता येतो. उरलेला दोरा म्हणूनच डिकीत ठेवा.